शितावरून भाताची परीक्षा: निवडणुकीच्या सर्व्हेला शिस्त लावणाऱ्या आणि स्वतःही तोंडावर पडलेल्या जॉर्ज गॅलपची गोष्ट

1976 सालचा जानेवारी महिना. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीचं वर्ष सुरू झालं होतं आणि डेमोक्रॅटिक पक्षाकडून उभं राहायला बरेच नेते गुडघ्याला बाशिंग बांधून बसले होते. पक्षाच्या मतदारांना एका सर्व्हेत विचारलं गेलं की, यातला तुमच्या पहिल्या पसंतीचा नेता कोण? जॉर्जिया राज्याचे माजी गव्हर्नर आणि भुईमुगाचे शेतकरी जिमी कार्टर यांचं नाव घेणारे निघाले फक्त 4 टक्के.

त्याच वर्षी जुलैमध्ये कार्टर पक्षाचे अधिकृत उमेदवार झाले. नोव्हेंबरमध्ये ते राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडूनही आले.

मग तो सर्व्हे चुकला होता का?

उत्तर आहे, नाही. पण हे उत्तर नीट समजून घ्यायचं तर ज्याच्या नावाने तो सर्व्हे ओळखला जातो, त्या माणसाची गोष्ट माहीत असायला हवी. तो माणूस म्हणजे जॉर्ज गॅलप. अमेरिकेतल्या काही पिढ्यांसाठी सर्व्हे म्हणजे गॅलप आणि गॅलप म्हणजे सर्व्हे, इतकं हे नाव त्या कामाला चिकटलं होतं.

दुधाच्या पैशातून काढला शाळेचा पेपर

जॉर्ज गॅलप यांचा जन्म 18 नोव्हेंबर 1901 चा. गाव जेफरसन, राज्य आयोवा. आयोवा म्हणजे मक्याची शेतं आणि दुभती जनावरं. वडील जमिनीचे व्यवहार करायचे, गाई पाळायचे, आणि माणूस जरा हटके होता. त्यांनी गावात चक्क आठ कोनांचं घर बांधलं होतं.

घरात सगळे जॉर्जला टेड म्हणायचे. टेड गाईंचं बघायचा, दूध घालायचा आणि त्यातून मिळालेल्या पैशातून त्याने शाळेत एक पेपर सुरू केला. पुढे आयोवा विद्यापीठात गेल्यावर तिथल्या विद्यार्थ्यांच्या दैनिकाचा तो संपादक झाला.

1922 च्या उन्हाळी सुट्टीत त्याला सेंट लुईस शहरात एक काम मिळालं. घरोघरी जायचं, दार वाजवायचं आणि लोकांना विचारायचं की, तुम्ही पेपरात नेमकं काय वाचता?

लोक सांगायचे, अग्रलेख वाचतो, देशाच्या राजकारणाच्या बातम्या वाचतो. पण जॉर्जच्या लक्षात यायला लागलं की, यात काहीतरी गडबड आहे. लोक जे सांगतायत ते आणि ते खरंच जे वाचतात ते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चारचौघांत चांगलं दिसेल असं उत्तर लोक देतात.

यावर त्याने उपाय काढला तो अगदी साधा होता. पेपरचा अंक वाचकापुढे ठेवायचा, एकेक पान उलटायचं आणि यातलं काय वाचलं ते बोट ठेवून दाखवायला सांगायचं. असं केल्यावर कळलं की, अग्रलेखांपेक्षा चित्रकथा आणि फोटो यांचे वाचक कितीतरी जास्त आहेत. याच पद्धतीवर प्रबंध लिहून 1928 साली गॅलप डॉक्टरेट झाले.

म्हणजे राजकारणाशी संबंध यायच्या आधीच त्यांना दोन गोष्टी कळल्या होत्या. प्रश्न कसा विचारला यावर उत्तर ठरतं. आणि माणूस काय म्हणतो यापेक्षा काय करतो ते मोजायला पाहिजे.

सासूबाई निवडणुकीला उभ्या राहिल्या

काही वर्षं पत्रकारिता शिकवल्यावर 1932 मध्ये गॅलप न्यूयॉर्कच्या यंग अँड रुबिकॅम या जाहिरात कंपनीत संशोधन विभाग सांभाळायला गेले. आता पेपरऐवजी जाहिराती कोण बघतं, ते मोजायचं होतं.

त्याच वर्षी तिकडे आयोवात त्यांच्या सासूबाई ओला बॅबकॉक मिलर निवडणुकीला उभ्या राहिल्या. पद होतं राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटचं. त्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या होत्या आणि आयोवा हा तेव्हा रिपब्लिकन पक्षाचा बालेकिल्ला. वर उमेदवार बाई. जिंकण्याची आशा फार कुणाला नव्हती.

पण मंदीने शेतकरी पिचलेले होते आणि रुझवेल्ट यांची लाट आली होती. त्या लाटेत ओला मिलर निवडून आल्या. आयोवात या पदावर बसलेली ती पहिली महिला.

जावईबापूंना निवडणुकीची गोडी लागली ती या सुमारास. साबणाला आणि बिस्किटाला गिऱ्हाईक किती हे मोजता येतं, तर उमेदवाराला किती आहे हे का मोजता येऊ नये?

1935 मध्ये त्यांनी प्रिन्स्टन इथे अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक ओपिनियन ही संस्था काढली आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून देशभरच्या वृत्तपत्रांतून लोकमताचे आकडे सांगणारा स्तंभ सुरू केला. त्यामागे त्यांची एक धारणा होती. मतदाराचं म्हणणं चार वर्षांतून एकदाच का ऐकायचं? मधल्या काळात पुढारी आणि बडे उद्योगपती जनतेच्या नावाने वाट्टेल ते बोलतात. खरी जनता काय म्हणते ते दर आठवड्याला छापून आलं पाहिजे.

20 लाखांहून जास्त उत्तरं, तरी निकाल चुकला

तेव्हा निवडणुकीच्या अंदाजात एकाच साप्ताहिकाचा शब्द चालायचा, ते म्हणजे लिटररी डायजेस्ट. टेलिफोनच्या डिरेक्टऱ्या आणि मोटारींच्या नोंदण्यांमधून पत्ते काढायचे, लाखो लोकांना मतपत्रिका पाठवायच्या आणि परत आलेल्या मोजायच्या, ही त्यांची पद्धत. आधीच्या सलग काही निवडणुकांत त्यांनी विजेता बरोबर सांगितला होता.

1936 मध्ये सामना होता राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रुझवेल्ट आणि रिपब्लिकन उमेदवार आल्फ लँडन यांच्यात. डायजेस्टने जवळपास 1 कोटी मतपत्रिका पाठवल्या. 20 लाखांहून जास्त परत आल्या. त्यांचा निष्कर्ष होता, लँडन 57 टक्के मतं घेऊन जिंकणार.

गॅलप यांनी विचारलं होतं सुमारे 50 हजार लोकांना. त्यांचा अंदाज होता, रुझवेल्ट जिंकणार.

पण त्यांनी याहून मोठा डाव टाकला होता. डायजेस्टने मतपत्रिका पाठवायच्या आधीच, जुलै महिन्यात त्यांनी छापून टाकलं की, डायजेस्टचा अंदाज लँडन यांना सुमारे 56 टक्के असा येईल आणि तो चुकेल. डायजेस्ट वापरतं तसल्याच याद्यांमधून फक्त 3 हजार लोकांना कार्डं पाठवून त्यांनी हे शोधलं होतं. डायजेस्टचे संपादक भयंकर चिडले. इकडे गॅलप यांनी वृत्तपत्रांना शब्द दिला होता की, अंदाज चुकला तर पैसे परत. हरले असते तर दुकान बंद झालं असतं.

निकाल लागला. रुझवेल्ट यांना 60 टक्क्यांहून जास्त मतं मिळाली. त्यांनी फक्त दोन राज्यं गमावली.

डायजेस्ट चुकलं कुठे? मंदीच्या काळात ज्याच्या घरी टेलिफोन आणि दारात मोटार आहे तो माणूस सुस्थितीतला. गरिबांची मतं त्या यादीत आलीच नव्हती. शिवाय मतपत्रिका भरून परत पाठवायची तसदी घेणारेही ठरावीक प्रकारचे लोक होते. दोन वर्षांत डायजेस्ट बंद पडलं.

आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा म्हणतात. गॅलप हेच सूपच्या उदाहरणाने समजवायचे. चव बघायला सगळं भांडं संपवायची गरज नसते, एक चमचा पुरतो. फक्त आधी भांडं नीट ढवळलेलं पाहिजे. डायजेस्टने वरवरचंच सूप घेतलं होतं, पण बादलीभर घेतलं होतं.

अर्थात गॅलप यांचंही भांडं पूर्ण ढवळलेलं नव्हतं. त्यांना मोजायचे होते मतदानाला जाणारे लोक. दक्षिणेकडच्या राज्यांत कृष्णवर्णीयांना मतदानच करू दिलं जात नव्हतं, त्यामुळे त्यांना फारसं विचारलंही जात नसे. बायका आणि गरीबही कमीच असत. सगळ्या जनतेचा आवाज म्हणून छापल्या जाणाऱ्या आकड्यांत त्या जनतेतलेच बरेच जण नव्हते.

तिकीट कोणाला, हेही लोकांनाच विचारा

इथे अमेरिकेची एक पद्धत समजून घेऊ. आपल्याकडे तिकीट कोणाला द्यायचं हे पक्षश्रेष्ठी ठरवतात. अमेरिकेत मुख्य निवडणुकीच्या आधी प्रत्येक पक्षाची आपापल्या घरातली निवडणूक होते. एकेका राज्यात पक्षाचे मतदार पसंतीचा उमेदवार निवडतात. त्याला म्हणतात प्रायमरी. शेवटी पक्षाच्या अधिवेशनात उमेदवारीवर शिक्कामोर्तब होतं.

पण गॅलप यांच्या सुरुवातीच्या काळात प्रायमरी मोजक्याच राज्यांत होत्या. खरा सौदा अधिवेशनात, पुढाऱ्यांच्या बंद खोल्यांमध्ये व्हायचा. कुठलाही पुढारी उठून म्हणू शकायचा की, लोकांना आमचाच माणूस हवाय. खरं-खोटं करायला काही साधन नव्हतं. गॅलप यांच्या आकड्यांनी ते दिलं.

1940 साल बघा. मे महिन्याच्या सुरुवातीला रिपब्लिकन मतदारांमध्ये न्यूयॉर्कचे तरुण सरकारी वकील थॉमस डेव्ही यांना 67 टक्के पसंती होती. वीज कंपनीचे प्रमुख वेंडेल विल्की यांना फक्त 3 टक्के. विल्की यांनी तोवर कुठलंच सरकारी पद भूषवलेलं नव्हतं आणि अगदी अलीकडेपर्यंत ते विरोधी पक्षात होते.

मग युरोपात युद्धाचं पारडं फिरलं. हिटलरच्या फौजा फ्रान्समध्ये घुसल्या. जगापासून लांब राहा म्हणणाऱ्या नेत्यांपेक्षा ब्रिटनला मदत करा म्हणणारे विल्की लोकांना जवळचे वाटू लागले. जूनच्या मध्यापर्यंत ते 17 टक्क्यांवर पोचले आणि डेव्ही घसरायला लागले. महिनाअखेरीस फिलाडेल्फियाच्या अधिवेशनात सहाव्या फेरीत विल्की यांनी उमेदवारी मारली. पुढे मुख्य निवडणुकीत ते रुझवेल्ट यांच्याकडून हरले, तो भाग वेगळा.

म्हणजे मेमधला आकडा खोटा नव्हता. तो मे महिन्याचा होता, इतकंच.

डेव्ही जिंकणार, हे सगळ्यांनीच गृहीत धरलं

गंमत म्हणजे हा धडा स्वतः गॅलप आठ वर्षांत विसरले.

1948 मध्ये तेच डेव्ही रिपब्लिकन उमेदवार होते आणि समोर होते राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रूमन. ट्रूमन यांच्या स्वतःच्या पक्षात फूट पडली होती. दुसरे मोठे सर्वेक्षक एल्मो रोपर यांनी तर सप्टेंबरमध्येच जाहीर केलं की, निकाल स्पष्ट आहे, आता मोजण्यात अर्थ नाही. गॅलप यांनी ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत विचारपूस केली आणि थांबले. अंदाज होता, डेव्ही 49.5 टक्के, ट्रूमन 44.5 टक्के.

निकाल जवळपास उलटा लागला. ट्रूमन 49.6 आणि डेव्ही 45.1. डेव्ही जिंकले असा मथळा छापून बसलेला शिकागोचा पेपर हातात धरून हसणाऱ्या ट्रूमन यांचा फोटो आजही सोशल मीडियावर फिरतो. तो फोटो काढला गेला सेंट लुईसच्या रेल्वे स्टेशनवर. ज्या शहरात 26 वर्षांपूर्वी पोरसवदा गॅलप घरोघरी दारं वाजवत फिरले होते, त्याच शहरात.

काही वृत्तपत्रांनी त्यांचा स्तंभ बंद केला. अभ्यासकांची समिती बसली. गॅलप यांनी त्यांना आपली कागदपत्रं मोकळी करून दिली. त्यातून दोन मोठ्या चुका पुढे आल्या.

पहिली, शेवटच्या दोन आठवड्यांत लोकांचं मन बदललं आणि ते मोजायला कुणी नव्हतंच.

दुसरी चूक पद्धतीतली. सर्व्हे करणाऱ्याला कोटा दिलेला असायचा. इतके पुरुष, इतक्या बायका, इतके कमी उत्पन्नाचे. पण त्यातली नेमकी माणसं कोणती, हे तो स्वतः निवडायचा. साहजिकच तो बरी वस्ती आणि बोलायला बरी माणसं बघायचा. अशा लोकांत डेव्हींचे मतदार जास्त होते. बारा वर्षांपूर्वी डायजेस्टने मोठ्या प्रमाणावर केलेली चूक गॅलप यांच्या माणसांनी छोट्या प्रमाणावर केली होती.

यानंतर गॅलप यांनी कोटा पद्धत सोडली. कुठल्या भागात जायचं आणि कोणाला विचारायचं हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं आधीच ठरायला लागलं. आणि विचारपूस मतदानाच्या अगदी आदल्या शनिवार-रविवारपर्यंत चालू राहू लागली.

आकडा मोजतो की घडवतो?

दुसरा प्रश्न मात्र सुटला नाही. सर्व्हे लोकांचं मत फक्त मोजतो की बदलतोही?

1968 मध्ये रिपब्लिकन पक्षात रिचर्ड निक्सन पुढे होते. न्यूयॉर्कचे गव्हर्नर नेल्सन रॉकफेलर यांचं म्हणणं एकच होतं की, डेमोक्रॅट्सना मी हरवू शकतो, निक्सन नाही. प्रायमरी लढवून त्यांच्या हाती काही लागणार नव्हतं. सर्व्हेत आपण निक्सन यांच्यापेक्षा सरस दिसलो की अधिवेशनातले प्रतिनिधी वळतील, यावर त्यांची सगळी भिस्त होती. त्यासाठी त्यांनी जाहिरातींवर पाण्यासारखा पैसा ओतला.

अधिवेशनाच्या तोंडावर गॅलपचे आकडे आले. डेमोक्रॅट ह्युबर्ट हम्फ्री यांच्यापुढे निक्सन 2 टक्क्यांनी पुढे आणि रॉकफेलर बरोबरीत. रॉकफेलर यांचा मुद्दाच संपला. लगेच दुसऱ्या सर्वेक्षकाचे, लुई हॅरिस यांचे आकडे आले, ते बरोबर उलटे. निक्सन मागे, रॉकफेलर पुढे. एकाच महिन्यात दोन नावाजलेल्या संस्थांचं दोन टोकांचं उत्तर. शेवटी दोन्ही संस्थांना एकत्र येऊन खुलासा करावा लागला. तोवर प्रतिनिधींचं ठरलेलं होतं आणि उमेदवारी निक्सन यांना मिळाली.

गॅलप यांनी स्वतःपुरता एक नियम पाळला होता. कुठल्याही राजकीय पक्षासाठी पैसे घेऊन सर्व्हे करायचा नाही. पण आकडा एकदा छापला की, तो कोण कसा वापरतो यावर त्यांचं नियंत्रण नव्हतं.

तर मग कार्टर यांचे 4 टक्के?

त्याच 1968 मध्ये शिकागोतल्या डेमोक्रॅटिक अधिवेशनात मोठा राडा झाला. एकही प्रायमरी न लढवलेल्या हम्फ्री यांना उमेदवारी मिळाल्यावर नियम बदलले आणि 1972 पासून प्रायमरी खऱ्या अर्थाने निर्णायक झाल्या. याचा मोठा फायदा उठवला कार्टर यांनी. देशभरातल्या सर्व्हेत नाव येवो न येवो, सगळ्यात आधी जिथे मतं पडतात तिथे ते महिनोन्‌महिने घरोघरी फिरले. ते राज्य होतं आयोवा, गॅलप यांचं गाव ज्यात आहे तेच.

जानेवारीत आयोवात कार्टर बाकी सगळ्या नेत्यांच्या पुढे निघाले. पुढच्या महिन्यात न्यू हॅम्पशायर जिंकलं. मग पेपर आणि टीव्हीवर तेच दिसू लागले आणि देशपातळीवरचा आकडाही चढत गेला.

इथेच प्रायमरीआधीच्या सर्व्हेची अडचण कळते. मुख्य निवडणुकीत माणूस निदान पक्ष बघून मत देतो. प्रायमरीत सगळे एकाच पक्षाचे. त्यामुळे सुरुवातीला लोक ओळखीचं नाव सांगतात, त्याला पाठिंबा म्हणणं धाडसाचं ठरतं. दुसरं म्हणजे, हजार लोकांच्या सर्व्हेत साधारण 3 टक्के इकडे-तिकडे होऊ शकतात. त्यातून एकाच पक्षाचे चारशे वेगळे काढले की, ही चूक 5 टक्क्यांपर्यंत जाते. मग दहा-बारा उमेदवारांत 4 टक्केवाला आणि 6 टक्केवाला यांच्यात फरक तो काय राहिला? आणि तिसरं, मतदान एका दिवशी होत नाही. एका राज्याचा निकाल लागला की पुढच्या राज्यांचं मत हलतं.

जानेवारी 1976 चा आकडा हा कार्टर यांना किती लोक ओळखतात याचा आकडा होता. त्या प्रश्नाचं ते बरोबर उत्तर होतं. ते जिंकतील का, हा प्रश्नच वेगळा होता.

गॅलप गेले, पण प्रश्न राहिला

26 जुलै 1984 रोजी स्वित्झर्लंडमधल्या आपल्या घरी हृदयविकाराच्या झटक्याने गॅलप यांचं निधन झालं. वय 82. त्याच महिन्यात वॉल्टर माँडेल डेमोक्रॅटिक उमेदवार झाले होते. त्यांनाही वर्षाच्या सुरुवातीला सर्व्हेत मागे असलेल्या गॅरी हार्ट यांनी न्यू हॅम्पशायरमध्ये दणका दिलाच होता.

तोवर गॅलप यांची पद्धत जगभर पोचली होती. भारतात 1950 च्या दशकात एरिक डा कोस्टा यांनी इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक ओपिनियन मार्फत जनमत चाचण्या सुरू केल्या. 2004 च्या लोकसभेला बहुतेक चाचण्या वाजपेयी सरकार परत आणत होत्या आणि निकाल उलटा लागला, तेव्हा आपल्यालाही 1948 चा अनुभव आला.

अमेरिकेत तर आकड्यांची ताकद आणखी वाढली. 2015 च्या ऑगस्टमध्ये रिपब्लिकन उमेदवारांच्या पहिल्या मोठ्या टीव्ही चर्चेत कोणाला घ्यायचं, हे चॅनेलने पाच सर्व्हेंची सरासरी काढून ठरवलं. पहिले दहा मुख्य मंचावर, बाकीचे बाहेर. टेक्सासचे माजी गव्हर्नर रिक पेरी बाहेर राहिले आणि महिनाभरात शर्यतीतूनच बाद झाले. एकाही राज्यात एकही मत पडायच्या आधी.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये खुद्द गॅलप कंपनीने जाहीर केलं की, 2016 च्या प्रायमरीत कोण पुढे, कोण मागे याचे सर्व्हे आम्ही करणार नाही. आधीच्या 2012 च्या निवडणुकीत त्यांचा शेवटचा अंदाज मिट रॉम्नी यांना निसटती आघाडी देत होता आणि जिंकले होते ओबामा. आता लोकांना कोणते प्रश्न महत्त्वाचे वाटतात, हे विचारण्यावर भर देऊ, असं कंपनीने ठरवलं. लोक काय म्हणतात ते दर आठवड्याला कळावं, म्हणून गॅलप यांनी 1935 मध्ये दुकान मांडलं होतं. त्याच्या जवळ जाणारंच हे होतं.

त्यामुळे पुढच्या वेळी मोबाइलवर अमुक नेत्याला इतके टक्के असं कार्ड फिरत आलं, तर फॉरवर्ड करण्याआधी तीन गोष्टी बघा. कोणाला विचारलं, प्रश्न नेमका काय होता आणि कधी विचारलं. तिन्हींचं उत्तर त्या कार्डावर नसेल, तर ते शीत कुठल्या भांड्यातलं आहे हेच तुम्हाला माहीत नाही.